वजन-नियंत्रण आणि टप्प्याटप्प्याने होणारा आहारबदल : छत्रपती संभाजीनगर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

स्थूलता ही आता केवळ महानगरांची समस्या राहिलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) देशातील 20.6 टक्के स्त्रिया व 18.9 टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आढळले होते. पाचव्या फेरीत (2019-21) हे प्रमाण अनुक्रमे 24 व 22.9 टक्क्यांवर गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज वर्तविला. वाढते वजन व मधुमेह यांचे नाते निकटचे असल्याने हा प्रश्न सौंदर्याचा नसून आयुष्यमानाचा आहे.

महाराष्ट्रात या विषयावर पुष्कळ चर्चा झाली. दिवसातून दोनदाच जेवावे हा डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचविलेला विचार आणि स्थानिक अन्न थोड्या थोड्या अंतराने खावे हा ऋजुता दिवेकर यांचा आग्रह, यांपैकी योग्य काय यावर वाद रंगले. मात्र कोणतीही पद्धती स्वीकारली तरी ती वर्षानुवर्षे कशी टिकवावी, हा मूळ प्रश्न त्या वादात मागे पडला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

भारतीय शरीराचे वेगळेपण :

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांची तुलना 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक 22.3 होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही मेद अधिक असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच भारतीयांसाठी 23 पासून अतिवजन व 25 पासून स्थूलता मानली जाते. पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर व स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटरपेक्षा अधिक कंबरेचा घेर ही धोक्याची खूण समजली जाते. वजनकाट्याइतकेच मोजपट्टीलाही महत्त्व आहे.

‘हळूहळू’ म्हणजे नेमके काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आठवड्याला अर्धा किलो वजन कमी होणे सुरक्षित आहे आणि वजन घटविण्याचा आहार दिवसाला 1000 किलोकॅलरीपेक्षा कमी नसावा. उपासमारीने स्नायूंची झीज होते, तसेच पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

तथापि केवळ मंद गती हे यशाचे रहस्य नव्हे. ऑस्ट्रेलियातील 2014 च्या एका अभ्यासात काहींनी 12 आठवड्यांत, तर काहींनी 36 आठवड्यांत वजन घटविले. पुढील तीन वर्षांत दोन्ही गटांनी गमावलेल्या वजनापैकी सुमारे 71 टक्के वजन परत मिळविले. याचा अर्थ असा की, वजन किती वेगाने उतरले यापेक्षा उतरल्यानंतरचे ताट कसे आहे हे निर्णायक ठरते. टप्प्याटप्प्याने बदल करण्याचे खरे कारण हेच आहे. लहान बदल सवय बनू शकतो आणि सवय मोहिमेनंतरही उरते. लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास मध्यमानाने 66 दिवस लागले, तर व्यक्तीनुसार हा काळ 18 ते 254 दिवस इतका भिन्न होता. त्यामुळे एका वेळी एकच बदल हाती घेऊन त्याला साधारणतः दोन महिने देणे व्यवहार्य ठरते.

बदलांचा क्रम :

1) चहा : महाविद्यालयात व घरी मिळून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरल्यास दिवसाची 40 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे 160 किलोकॅलरी केवळ चहातून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार 2000 किलोकॅलरीच्या आहारात अशी साखर 50 ग्रॅमपेक्षा कमी, शक्यतो 25 ग्रॅमच्या आत असावी. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केल्यास जीभही सरावते. चहासोबतची बिस्किटे हा त्यानंतरचा टप्पा होय.

2) तेल : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2000 किलोकॅलरीच्या आदर्श ताटात दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप आहे. चौघांच्या कुटुंबास महिन्याला हे प्रमाण सुमारे सव्वातीन किलो होते. महिन्याच्या किराणा यादीतील तेलाचा आकडा पाहिला की आपण कोठे आहोत हे कळते. शेंगदाण्याचा कूट व चटणी यांतील स्निग्धांशही लक्षात घ्यावा लागतो.

3) भाकरी व पोळी : मराठवाड्याचे मुख्य अन्न ज्वारी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले वाण 2018 मध्ये प्रसारित झाले. मात्र ज्वारी व गहू यांच्या पिठातील उष्मांकांत फारसा फरक नाही. भाकरीला तेल लागत नाही व ती सावकाश चावून खावी लागते, हा तिचा लाभ. चारऐवजी चारच भाकरी खाल्ल्या तर वजन घटणार नाही. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात भारतीयांच्या आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येत असल्याचे आढळले. म्हणून एक भाकरी कमी करून तिच्या जागी वाटीभर घट्ट वरण, उसळ किंवा दही घेणे, हा खरा बदल होय.

4) भाजी : आदर्श ताटात 400 ग्रॅम भाज्या अपेक्षित आहेत. हिवाळ्यात मेथी, शेपू, चुका, अंबाडी मुबलक असतात. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पालेभाजी महागते. अशा वेळी मोड आलेली मटकी व मूग, काकडी, दुधी यांचा आधार घेता येतो.

5) उपवास : साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्ट असून त्यात प्रथिने नगण्य असतात. शेंगदाणे व तूप घातलेली खिचडी खाऊन केलेला उपवास वजन घटविण्यास उपयोगी पडत नाही. भगर, राजगिरा, ताक व फळे हा त्याहून बरा पर्याय आहे.

कुटुंब व कार्यस्थळ :

घरातील एका व्यक्तीसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागला तर तो भार बहुधा गृहिणीवर पडतो आणि बदल अल्पजीवी ठरतो. शिवाय अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेले संपविण्याची जबाबदारी अनेक घरांत तिच्यावरच येते. त्यामुळे बदल संपूर्ण घराच्या ताटात व्हावा आणि शिजविण्याचे प्रमाणही त्यानुसार कमी व्हावे. महाविद्यालयांतील बैठका व सत्कारप्रसंगी पेढे-समोशांऐवजी फळे, भाजलेले फुटाणे वा ताक ठेवणे प्राध्यापकवर्गास सहज शक्य आहे.

निष्कर्ष :

भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात (2006) आहार व व्यायामातील बदलांमुळे मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे त्यात सहभागींचे वजन फारसे कमी झालेले नव्हते. त्यामुळे काटा स्थिर राहिला म्हणून प्रयत्न सोडणे योग्य नाही. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणारे रुग्ण, गर्भवती स्त्रिया व मूत्रपिंडविकार असलेल्यांनी आहारबदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा. इतरांनी प्रथम चहातील अर्ध्या चमच्यापासून प्रारंभ करावा आणि तो स्थिरावल्यावरच पुढचा बदल हाती घ्यावा. अशा क्रमाने वर्षभरात पाच-सहा सवयी बदलू शकतात, आणि त्या टिकल्या तर घटलेले वजनही टिकण्याची शक्यता वाढते.