अंगणातला स्प्रूस

स्प्रूस हा थंड प्रदेशातला सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. उत्तर अमेरिकेत तो घराभोवती शोभेसाठी आणि वाऱ्याला आडोसा म्हणून लावतात. निवड करताना पूर्ण वाढीचा विचार आधी करावा लागतो. रोपवाटिकेत कमरेएवढा दिसणारा नॉर्वे स्प्रूस पुढे ३० मीटरच्या आसपास जाऊ शकतो; भिंतीलगत किंवा विजेच्या तारांखाली त्याला जागा नाही.

सर्वांना भुरळ पडते ती निळसर कोलोरॅडो स्प्रूसची. ही छटा सुयांवरच्या मेणाच्या थरामुळे येते. मात्र हे झाड रॉकी पर्वतातल्या कोरड्या हवेचे. अमेरिकेच्या दमट मध्य-पश्चिम भागात बुरशीमुळे त्याच्या सुया झडतात, खालच्या फांद्या उघड्या पडतात. जुन्या, सुया गळालेल्या लाकडाला नवे कोंब सहसा फुटत नाहीत, म्हणून ही हानी भरून येत नाही. जोरकस छाटणीही याच कारणाने घातक ठरते. दमट भागात हे झाड टाळणेच शहाणपणाचे.

लहान बागेसाठी १९०४ साली कॅनडात सापडलेला बुटका अल्बर्टा स्प्रूस उत्तम. तो वर्षाला जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर वाढतो; फक्त वसंतात आणि शरदात कोळी किडीवर लक्ष हवे.

लागवडीसाठी भरपूर ऊन आणि निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन निवडावी. बुंध्याचा मुळांकडे रुंदावणारा भाग मातीत गाडू नये. मुळे उथळ असल्याने पहिली काही वर्षे नियमित पाणी द्यावे, जमीन गोठण्याआधी तर नक्कीच. आच्छादन बुंध्यापासून थोडे दूर ठेवावे.