एलोजी आणि हसाजी : इब्री जोडनांवांचा अर्थ व त्यांचीं कोंकणी रूपें

मोडी कागदांची बाळबोध नक्कल करतांना नक्कलकाराच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. अक्षर न लागल्यामुळें होणारी चूक क्षम्य होय. कारण तेथें तो निदान प्रश्नचिन्ह तरी घालतो. परंतु अक्षर नीट लागूनही 'असें नांव असणार नाहीं' असें मनाशीं ठरवून तें सुधारल्यामुळें जी चूक होते ती घातक. कारण तिची खूणच मागें राहत नाहीं. अशी एक चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून झालेली आहे. ती कबूल करावी आणि तिच्या निमित्तानें कांहीं इब्री, म्हणजे हिब्रू, नांवांचा अर्थ संग्राहकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीं मूळच्या कोंकणांतील एका स्नेह्यांनीं आपल्या घरच्या रुमालांतील कांहीं कागद नकलेसाठीं रिसोडास माझ्याकडे दिले. त्यांत तेलाच्या देण्याघेण्याची एक यादी होती आणि तींत बापलेकांचीं नांवें होतीं : लेकाचें एलोजी, बापाचें हसाजी. अक्षर स्वच्छ होतें. तथापि 'एलोजी' हें नांव मीं कधीं ऐकलें नव्हतें. म्हणून तें 'येसोजी' केलें. मोडींत अनुस्वार पुष्कळदां गळतो, आणि हंबीरराव मोहित्यांचें मूळ नांव हंसाजी हें तर वर्गांत अनेक वर्षें शिकविलेलें. म्हणून 'हसाजी'चें 'हंसाजी' झालें. नक्कल शुद्ध झाली असें मला वाटलें. पुढें वाटणींत मूळ रुमाल विस्कटला. माझ्या कच्च्या वहींत पहिलीं अक्षरें खोडलेल्या स्थितींत राहिलीं, म्हणूनच आज ही दुरुस्ती करतां येत आहे.

सांप्रतच्या रायगड जिल्ह्यांत अलिबाग, पेण, रोहें या बाजूस बेने इस्राएल नांवाचा यहुदी समाज शतकानुशतकें राहत आला. त्यांचे पूर्वज नवगांवानजीक गलबत फुटून किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा त्यांचा जुना धंदा. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. दिवेकर, पेणकर, नवगांवकर, केहीमकर अशीं त्यांचीं आडनांवें गांवांवरून पडलेलीं, भाषा मराठी, आणि पुरुषांचीं नांवें वरवर पाहतां मराठीच : आबाजी, इसाजी, अकोबा, मुसाजी, सामाजी, हसाजी, एलोजी. वस्तुतः हीं अनुक्रमें अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, शमुवेल, यहेज्केल आणि एलिया यांचीं घरगुती रूपें होत. मुंबईंत १७९६ सालीं या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर ज्यांनीं बांधिलें, ते कंपनी सरकारच्या फौजेंतील अंमलदार मराठींत सामाजी हसाजी दिवेकर आणि इंग्रजी लेखांत सॅम्युअल इझिकेल दिवेकर म्हणून ओळखले जातात. या दोन नांवांचा मेळ ज्यास ठाऊक नाहीं, तो एकाच गृहस्थाचे दोन गृहस्थ करील.

आतां या नांवांच्या पोटांत शिरूं. इब्री नांवांपैकीं पुष्कळ नांवें जोडनांवें आहेत. त्यांत एक अवयव देवतावाचक असतो : 'एल्' म्हणजे देव, हा सामान्य शब्द, आणि 'याहू', 'याह' किंवा आरंभीं 'यो' हीं इस्राएलाच्या देवाच्या विशेषनामाचीं आंखूड रूपें. दुसरा अवयव बहुधा क्रियापद असतो. 'नथनेल' म्हणजे 'देवानें दिलें'. संस्कृतज्ञास येथें तत्काल 'देवदत्त' आठवेल, आणि अर्थ खरोखर तोच आहे. घडण मात्र निराळी. देवदत्त हा तृतीया तत्पुरुष, दत्त हें कृदन्त; नथनेल हें कर्ता आणि पूर्ण क्रियापद असलेलें अखंड वाक्य. आपल्या व्याकरणांत तिङन्तास समासांत फारसा थारा नाहीं. मयूरव्यंसकादि गणांतले थोडे शब्द, किंवा 'अस्तिक्षीरा'सारखें एखादें उदाहरण, एवढेच अपवाद. इब्रींत मात्र आईबाप मुलाच्या नांवांत एक सबंध विधान करून ठेवतात. 'यहेज्केल' म्हणजे 'देव बळ देतो'. 'शमुवेल' यांत 'शेम' म्हणजे नांव, म्हणून 'एल् हें त्याचें नांव' अथवा 'देवाचें नांव' असा अर्थ वैयाकरण करतात. खुद्द ग्रंथांत मात्र त्याची आई 'देवापाशीं मागितला म्हणून' अशी व्युत्पत्ति सांगते. ती यास्काच्या पद्धतीची होय : अर्थाला धरून चालणारी, अक्षरांस फारशी न जुमानणारी.

या सर्वांत 'एलियाहू' हें नांव वेगळें पडतें. येथें दोन्ही अवयव देववाचकच आहेत : 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू'. आपल्याकडे रामकृष्ण, हरिहर, शंकरनारायण अशीं नांवें असल्यामुळें हाही तसाच द्वंद्व असेल, असें वाटण्याचा संभव आहे. तसें समजणें म्हणजे नांवाचा अर्थ नेमका उलटा करणें होय. हरिहरांत दोन दैवतें शेजारीं बसतात. एलियाहू म्हणतो, 'माझा देव याहू', दुसरा नव्हे. पहिलें पद उद्देश्य, दुसरें विधेय, 'आहे' अध्याहृत. ज्या संदेष्ट्याचें हें नांव, त्याचा कर्मेल पर्वतावर बाल दैवताच्या पुजाऱ्यांशीं झालेला वाद याच एका प्रश्नाचा होता. त्याचें नांव हेंच त्याचें प्रतिपादन.

असें दुहेरी देववाचक नांव विरळच. तेच अवयव उलट क्रमानें ठेवले कीं 'योएल' होतें : 'यो हाच देव'. इब्री शास्त्रांत योएल नांवाचे पुरुष दहाहून अधिक आढळतात. एलिया मात्र त्या संदेष्ट्याखेरीज तिघेच, आणि तिघांचीं नांवें केवळ वंशावळी व याद्या यांत आलेलीं. एका पुरुषाच्या कीर्तीमुळें सर्वांच्या तोंडीं असलेलें हें नांव मूळ ग्रंथांत इतकें दुर्मिळ आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

येथें हस्तलिखितें वाचणाऱ्यांस उपयोगी असा एक सापळा सांगतों. त्याच शास्त्रांत 'एल्यहोएनय' असें एक नांव दोनदां येतें. प्राचीन इब्री लिपींत व्यंजनेंच मुख्य. स्वरांचीं टिंबें सहाव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान पंडितांनीं घातलीं. व्यंजनें पाहिलीं तर या नांवाचीं पहिलीं पांच अक्षरें एलियाहूचीं पांच अक्षरेंच आहेत. अर्थात् वाचकास वाटावें कीं हा एलियाहूचाच विस्तार. परंतु येथील 'एल्' म्हणजे देव नव्हे. तें 'कडे' या अर्थाचें अव्यय आहे, आणि सबंध नांवाचा अर्थ 'माझे डोळे याहूकडे' असा होतो. मोडींत ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत, म्हणून आपण जसे संदर्भावर विसंबतों, तसेंच हें. अक्षरें तींच, नांव दुसरें.

कोंकणांत या जोडनांवांचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत लाडक्या नांवांचा विधि सांगितला आहे : बह्वच् मनुष्यनामास ममतेचा प्रत्यय लागतांना दुसऱ्या स्वरापुढील भाग गळतो, आणि देवदत्ताचा देविक किंवा देविल होतो. शमुवेलाचें 'शमु' उरून सामाजी, एलियाहूचें 'एली' उरून एलोजी, हें त्या सूत्रास जणूं उदाहरण म्हणून घडलें आहे. यहेज्केलांत आरंभ आणि शेवट दोन्ही गळून मधला भाग राहिला; वार्तिककार पूर्वपद किंवा उत्तरपद यांपैकीं कोणतेंही गळूं देतात, त्याच्याही पुढची ही मजल. इब्री नांवें पाणिनीच्या आज्ञेंत नाहींत हें उघड आहे. परंतु लांब नांव घरांत आंखूड होतें हा मनुष्यस्वभाव दोहींकडे एकच. मात्र परिणाम पाहा. सामाजी व हसाजी यांतून गळाला तो 'एल्', म्हणजे देवाचा अवयव. एलोजींतून गळाला तो 'याहू'. जें विधान करण्यासाठीं नांव ठेविलें होतें तें गेलें, आणि त्याच्या जागीं आपला मराठी आदरार्थी 'जी' येऊन बसला. नांव अर्धें इब्री, अर्धें मराठी झालें. हेंही एक जोडनांवच.

एकोणिसाव्या शतकांत पूर्ण रूपें परत आलीं. कोचीनहून शेलोमो सालेम शुर्राबी मुंबईस येऊन धर्मशिक्षण देऊं लागले. १८३२ सालीं जॉन विल्सन यांचें इब्री व्याकरण मराठींतून निघालें. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ सालीं मुंबईंत आणि १८७४ सालीं पुण्यांत छापला गेला. यानंतरच्या पिढ्यांत सामाजीचा नातू सॅम्युअल झाला. म्हणून जुन्या कागदांतील नांवें पुढील कागदांशीं जुळवितांना ही संधि विसरूं नये. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेला आणि १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झालेला बेने इस्राएलांचा इतिहास या कामीं संग्राहकांनीं जवळ ठेवावा.

यांतून नक्कलकारासाठीं निघणारा नियम सोपा आहे. एकट्या नांवावरून कांहींही ठरवूं नये. आबाजी म्हटला कीं अब्राहाम असें नव्हे. आबाजी सोनदेवही होतेच. मुसाजी हा मुसलमान समजला जाईल, इसाजी येसाजींत मिसळेल. 'बिन' या शब्दावरही जाऊं नये. तो इब्री 'बेन'चा सगोत्र असला तरी आपल्या कागदांत अरबींतून आला आहे आणि हरएक जातीच्या माणसास लागलेला आहे. परंतु लेकाचें व बापाचें अशीं दोन्ही नांवें या मालिकेंतील असलीं, आडनांव अलिबाग-पेणकडील गांवाचें असलें, आणि तेलाचा किंवा शनिवारच्या खाड्याचा उल्लेख असला, तर शंका उरत नाहीं. हा पुरावा सगळा अक्षरांत आहे. एक अनुस्वार वाढविला कीं तो नाहींसा होतो.

या समाजांतील बहुतेक कुटुंबें १९४८ नंतर इस्राएल देशांत गेलीं. अलिबाग तालुक्यांतील खंडाळें येथें मात्र एलियाहू हन्नबीचा खडक अद्याप दाखवितात. त्यावर संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा. नवस फेडतांना पोहे, खोबरें, साखर व फळें यांचा मलिदा करून त्याचें नांव घेतात, आणि तें 'एलियाहू' असें पूर्ण घेतात. घरांत जें नांव एलोजी झालें, तें प्रार्थनेंत एका अक्षरानेंही कमी झालें नाहीं.

माझ्या नकलेंतील यादींत 'येसोजी' व 'हंसाजी' आहे तेथें 'एलोजी' व 'हसाजी' असें वाचावें.