विळीला धार लावण्याआधी

माळ्यावरून जुनी विळी खाली आली की सगळ्यांची नजर गंजाकडे जाते. पण ती वापरात आणायची की नाही, याचा निर्णय गंजावर सोडू नये. पात्यात कडक पोलाद किती उरलंय, यावर तो घ्यावा.

पोलाद महाग होतं तेव्हा अनेक लोहार पात्याचं अंग मऊ लोखंडाचं घडवत आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून त्यात एकजीव करत. वर्षानुवर्षं धार लावता लावता ती पट्टीच झिजून गेली असेल, तर उरलेल्या लोखंडाची धार दोन दिवसांत बसणार. म्हणून आधी धारेलगत चांगली कानस हलक्या हातानं फिरवून बघावी. पोलाद कडक असेल तर ती घसरू पाहते, मऊ लोखंडात चटकन चावते. धारवाल्याच्या चाकावरही हा फरक दिसतो. कार्बनयुक्त पोलादाच्या ठिणग्यांना टोकाशी फांद्या फुटतात, मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघा ओढत जातात.

पोलाद उरलं असेल, तर सगळ्यात मोठा धोका उष्णतेचा. साधारण 0.6 ते 1 टक्का कार्बन असलेलं पोलाद 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पटकन थंड केलं, की कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत अडकतात आणि जाळी ताणली जाते. कडकपणा येतो तो या ताणातून. असं पातं फार ठिसूळ असतं, म्हणून लोहार ते पुन्हा 200 अंशांच्या वर बेतानं तापवतो आणि थोडा कडकपणा देऊन चिवटपणा मिळवतो. पात्याला पाणी देण्याची सगळी कला या बेतात आहे.

विजेच्या ग्राइंडरवर ती काही सेकंदांत वाया जाते. धार इतकी पातळ असते, की उष्णता झटकन मागे वाहून न्यायला तिथे पुरेसा धातूच नसतो. कड आधी फिकट पिवळी दिसते, मग तपकिरी, जांभळी आणि 300 अंशांजवळ निळी. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर जाड होत जातो, तसा प्रकाशाच्या व्यतिकरणानं रंग बदलतो. पाण्यावरच्या पेट्रोलच्या तवंगात हेच घडतं. निळाई घासून निघते, पण गेलेला कडकपणा परत येत नाही. तेवढी कड झिजवून टाकावी लागते किंवा पातं पुन्हा भट्टीत घालावं लागतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जुन्या पात्याला हातानं, ओल्या दगडावरच धार लावावी. वेळ लागला तरी चालेल.

झिजलेल्या पात्याची आणखी एक अडचण असते. पातं पाठीकडे जाड होत जातं, त्यामुळे झिजत झिजत धार जाड भागात सरकते. नुसती कड तीक्ष्ण केली तर बटाटा कापला जाण्याऐवजी फुटतो. धारेमागची दोन बोटं रुंदीही दगडावर पातळ करावी लागते.

लाल गंज सच्छिद्र असतो, ओल धरतो आणि खाली पसरत जातो. तो काढायलाच हवा. चिंचेचं पाणी किंवा व्हिनेगर थोडा वेळ पुरतं. आम्ल गंजानंतर लोखंडही खातं, म्हणून पातं सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करावं. केळफूल, कैरी चिरताना आलेला काळा थर मात्र राहू द्यावा. त्यांच्यातलं टॅनिन लोखंडाशी संयोग पावून तो बनतो आणि नवा गंज थोडाफार रोखतो. पात्याच्या अंगावरचे खड्डेही चालतील. धारेपर्यंत पोचलेले खड्डे झिजवता येतात का, हे बघावं. केसाएवढा तडा दिसला तर ते पातं वापरू नये.

घरात जुनी कट्यार किंवा तलवार असेल, तर यातलं काहीही करू नये. दख्खनी मुशीतल्या पोलादाचं पाणीदार नक्षीकाम आणि मुठीवरचा सोन्याचा मुलामा पॉलिश पेपरखाली कायमचा जाऊ शकतो. तिथे संग्रहालयातल्या जाणकारालाच विचारावं.

विळी मात्र रोज वापरावी आणि धुतल्याबरोबर पुसावी. ठेवून द्यायची असेल तर खोबरेल तेलाचा पातळ हात पुरतो. त्यातली मेदाम्लं बहुतेक संपृक्त असल्यानं ते जवसाच्या तेलासारखं हवेत चिकट होत नाही.