पाण्यातील जैवपटल व परिस्थितीचा त्यावर होणारा परिणाम

नदीघाटाची पायरी निसरडी होते, जनावरांच्या डोणीला आतून हिरवा लेप चढतो, न घासलेल्या माठाचा तळ हाताला बुळबुळीत लागतो. ही तिन्ही एकाच गोष्टीची रूपे होत. बोलीत यास सरसकट शेवाळ म्हणतात. परंतु तेथे केवळ शैवाल नसते. शैवाल, जिवाणू व त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ यांचा तो एकजीव थर असतो. शास्त्रात त्यास जैवपटल अथवा बायोफिल्म म्हणतात.

पाण्यातील जिवाणू प्रथम एखाद्या पृष्ठभागास चिकटतात. तेथे स्थिरावताच ते डिंकासारखा पदार्थ स्रवतात व त्यात आपली वसाहत उभारतात. प्रकाश असेल तेथे करंडक, हिरवे शैवाल आणि नीलहरित जिवाणू येऊन मिळतात. शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न व प्राणवायू निर्माण करते. त्याचा लाभ जिवाणूंना होतो, आणि जिवाणूंनी विघटन केलेली द्रव्ये शैवालास मिळतात. दातांवर साचणारे कीटही अशाच प्रकारचे पटल होय. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने १६८३ मध्ये आपल्या सूक्ष्मदर्शकातून दातांवरील कीट पाहिले, तेव्हा त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यास दिसले.

या पटलाचे स्वरूप सभोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असते.

(१) प्रकाश : उघड्या टाकीत हिरवा थर वाढतो. झाकलेल्या टाकीत व नळात शैवाल वाढत नाही. परंतु जिवाणूंना प्रकाशाची गरज नसल्याने तेथेही रंगहीन, बुळबुळीत थर साचू शकतो. पाणी हिरवे दिसत नाही म्हणजे ते निर्दोष आहे, असे समजू नये.

(२) उष्णता : कोमट पाण्यात बहुतेक जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून उन्हाळ्यात टाकी अधिक वेळा धुवावी लागते.

(३) प्रवाह : संथ पाण्यातील थर जाड व मऊ असतो, वेगवान पाण्यातील थर पातळ, पण घट्ट असतो. प्रवाह एकाएकी वाढल्यास मऊ थराचे तुकडे सुटून पाण्यात मिसळतात.

(४) अन्नद्रव्ये : शेतातील खते व गावातील सांडपाणी यांतून नत्र आणि स्फुरद नदीत येतात. त्यावर शैवाल पोसले जाते. ते कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात.

(५) पृष्ठभाग : गंजलेल्या अथवा खडबडीत पृष्ठभागावर पटलास चांगला आधार मिळतो.

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या उत्तरेस पंचगंगा व दक्षिणेस दूधगंगा वाहते. वसाहतीत कापड व अभियांत्रिकी उद्योग आहेत. कारखान्यांत यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी फिरविले जाते. ते कोमट असते, त्यात हवा मिसळते, आणि मनोऱ्यावर ऊनही पडते. म्हणजे वरील बहुतेक परिस्थिती एकत्र येतात. नळीच्या आत पटल साचले की उष्णता नीट वाहून जात नाही व धातूही झिजतो. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे न्युमोनियाची साथ आली. तिच्या शोधातून लीजिओनेला हा जिवाणू ज्ञात झाला. शीतलन मनोऱ्यांतील पटलात तो आश्रय घेतो. म्हणून अशा मनोऱ्यांची नियमित स्वच्छता आवश्यक असते.

तथापि जैवपटल हे सर्वथा अपायकारक नव्हे. लंडन येथे जेम्स सिंप्सन याने १८२९ मध्ये नदीचे पाणी वाळूच्या थरातून संथपणे गाळण्याची व्यवस्था केली. अशा गाळणीत वाळूच्या पृष्ठावर तयार होणारे पटलच पाण्यातील पुष्कळ जंतू अडविते. सांडपाणी शुद्ध करतानाही दगडांवर वाढविलेल्या पटलाकडून मैल्याचे विघटन करून घेतात. तीच शक्ती योग्य जागी उपकारक व पिण्याच्या टाकीत अपायकारक ठरते.

शाळेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जाड पटल असलेल्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्यास क्लोरीन वरच्या थरातच खर्ची पडतो आणि आतील जंतू जिवंत राहतात. यास्तव टाकी रिकामी करावी, भिंती व तळ ब्रशने घासावेत, घाण पाणी काढून टाकावे, आणि त्यानंतरच निर्जंतुकीकरण करावे. टाकीस घट्ट झाकण असावे. नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेष आहे किंवा नाही, हे तपासून पाहावे. मुलांचे आरोग्य या साध्या क्रमावर अवलंबून आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग : विहिरीच्या पाण्याने भरलेल्या तीन काचेच्या बरण्यांत फरशीचा एकेक सारखा तुकडा ठेवावा. पहिली बरणी उजेडात ठेवावी, दुसरीस काळा कागद गुंडाळावा, तिसरीत चिमूटभर शेतखत घालून ती पहिलीशेजारी ठेवावी. पंधरा दिवस विद्यार्थ्यांनी रंग, जाडी व बुळबुळीतपणा यांची नोंद करावी. पाणी तोंडात जाऊ देऊ नये व प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. कारखान्याच्या नाल्याचे पाणी प्रयोगास घेऊ नये.

पहिली व दुसरी बरणी ताडून पाहता प्रकाशाचे कार्य, आणि पहिली व तिसरी ताडून पाहता अन्नद्रव्यांचे कार्य विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल. त्यानंतर शाळेची टाकी कशासाठी झाकावयाची व कशासाठी घासावयाची, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.