रॉक मशीन ते इंडस क्रीड : मुंबईच्या रॉक संगीताचे चार अल्बम

विद्युत गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायकाचा खुला आवाज यांवर उभे असलेले रॉक संगीत १९५०च्या दशकात अमेरिकेत जन्माला आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या महाविद्यालयांत व हॉटेलांत वाजू लागले; मात्र या शहराने ते केवळ ऐकले वा नकलले नाही, तर त्यात स्वतःची भर घातली, हे सिद्ध करणाऱ्या ध्वनिमुद्रणांत 'रॉक मशीन' आणि पुढे 'इंडस क्रीड' या नावाने ओळखल्या गेलेल्या बँडच्या चार अल्बमांचे स्थान फार वरचे आहे. अल्बम म्हणजे एकत्र ऐकली जावीत अशा हेतूने, ठरावीक क्रमाने गुंफलेली गाणी. हे चार अल्बम १९८८ ते २०१२ या चोवीस वर्षांत प्रसिद्ध झाले आणि उसन्या शैलीकडून स्वतःच्या वाणीकडे झालेला प्रवास त्यांत क्रमाने ऐकू येतो.

या संगीताला मुंबईत जागा मिळाली, त्यामागे गिरगावच्या दक्षिण टोकाला असलेल्या धोबीतलाव परिसराचा मोठा वाटा आहे. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या लोकांचे 'कूड', म्हणजे गावोगावच्या मंडळींनी चालवलेली सामायिक वसतिगृहे, याच भागात होते. १८६५ साली स्थापन झालेले फुर्टाडोज हे वाद्यांचे आणि स्वरलिपीच्या पुस्तकांचे दुकान इथेच नावारूपाला आले. आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांमुळे पाश्चात्त्य वाद्यांची जाण या शहरात पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली. सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेले रंगभवन हे खुले नाट्यगृह तर मुंबईच्या रॉक श्रोत्यांचे हक्काचे ठिकाण ठरले. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव येथेच रुजला, आणि जवळच्या रुग्णालयांमुळे हा परिसर शांतता क्षेत्रात मोडल्याने या शतकाच्या आरंभी मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद होईपर्यंत तरुणांच्या दोन पिढ्यांनी तेथे हे संगीत प्रत्यक्ष ऐकले.

रॉक मशीनच्या आधीही मुंबईत बँड होते. 'द सॅव्हेजेस' आणि 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' यांची नावे जुने श्रोते आजही आदराने घेतात. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचे पुत्र नंदू भेंडे हे त्या काळचे ठळक गायक होते आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकाच्या संगीतात त्यांचा सहभाग असल्याने रॉकचा ठेका मराठी रंगभूमीपर्यंतही पोहोचला होता. तथापि त्या काळातील बहुतेक बँडांचा भर 'कव्हर' सादर करण्यावर, म्हणजे परदेशी बँडांची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवण्यावर असे, कारण श्रोत्यांची फर्माईशही त्याच गाण्यांची असे.

१९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या रॉक मशीननेही आरंभ कव्हरनेच केला. या बँडचा सर्वांत परिचित संच म्हणजे गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बेस गिटारवादक मार्क सेल्विन, ड्रमवादक मार्क मिनेझिस आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया. वेगवेगळ्या समाजांतील ही नावे एका ओळीत वाचली तरी हा बँड मुंबईखेरीज अन्यत्र घडणे किती कठीण होते, हे ध्यानात येते. त्या काळात चांगली विद्युत गिटार वा अ‍ॅम्प्लिफायर परदेशातून आणणे आयात करामुळे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते आणि रॉकचे ध्वनिमुद्रण जाणणारे तंत्रज्ञ विरळा होते. अशा परिस्थितीत स्वतःची गाणी रचून, ती रसिकांपुढे ठेवून, त्यांच्या पसंतीची वाट पाहणे हा निर्णय धाडसाचा होता, आणि या बँडविषयीच्या आदराचे पहिले कारण हेच आहे.

१९८८ साली आलेला 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा पहिला अल्बम या निर्णयाचे फळ होय. त्याची शैली 'हार्ड रॉक' या प्रकारात मोडते आणि ती समजण्यासाठी 'पॉवर कॉर्ड' ही एक संकल्पना पुरेशी आहे. पाश्चात्त्य संगीतात तीन वा अधिक स्वर एकाच वेळी वाजवले की त्याला कॉर्ड म्हणतात आणि तिचा भाव प्रामुख्याने मधल्या स्वरावर, म्हणजे आपल्या परिभाषेत गंधारावर अवलंबून असतो: शुद्ध गंधार असला की कॉर्ड उजळ वाटते, कोमल असला की खिन्न. पॉवर कॉर्डमध्ये हा गंधार वगळलेला असतो व केवळ षड्ज आणि पंचम उरतात. यामागे सौंदर्यदृष्टीइतकेच तांत्रिक कारणही आहे. रॉकमधील गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मुद्दाम क्षमतेपलीकडे ताणला जातो, त्यामुळे मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर निर्माण होतात आणि त्यांत गंधार मिसळला तर आवाज गढूळ होतो. याउलट षड्ज-पंचमाची जोडी या ताणातही भरीव आणि स्वच्छ राहते. तानपुऱ्याच्या तारांत हीच जोडी ऐकत वाढलेल्या कानाला या भरीवपणाची गोडी लागायला वेळ लागत नाही. त्याखाली चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा ठणठणीत आघात पडतो, आणि पहिल्या मात्रेवर समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला त्यातून एक निराळाच रेटा जाणवतो. या अल्बमातील 'टॉप ऑफ द रॉक' हे गाणे ऐकताना हे दोन्ही घटक सहज ओळखता येतात. शैलीवर परदेशी बँडांची छाप उघड असली, तरी गाण्यांमागचा आत्मविश्वास मात्र सर्वस्वी या तरुणांचा स्वतःचा आहे.

१९९० साली प्रसिद्ध झालेला 'द सेकंड कमिंग' हा दुसरा अल्बम त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय. पहिल्या अल्बमने पाया घातला आणि दुसऱ्याने तो पक्का केला, असे त्याचे वर्णन करता येईल. खरे वळण मात्र त्यानंतर आले.

१९९१च्या आर्थिक उदारीकरणाच्या सुमारास घरोघरी उपग्रह वाहिन्या पोहोचू लागल्या आणि एमटीव्ही या संगीतवाहिनीमुळे भारतीय बँडांची गाणी चित्ररूपात आशियाभर दिसू लागली. याच काळात बँडने आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले. नव्या नावाबरोबर दृष्टीही बदलली. भारतीय स्वरसंगतींना आणि लयींना रॉकच्या बांधणीत स्थान देण्याचा प्रयत्न सुरू झाला. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला १९९३ साली एमटीव्हीच्या वार्षिक सोहळ्यात आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला आणि १९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाचा तिसरा अल्बम प्रसिद्ध झाला. पहिल्या अल्बमात जो जोर सिद्ध करून दाखवावा लागत होता, तो येथे गृहीत आहे. त्यामुळे शांत जागा, संथ सुरुवात आणि शब्दांचे वजन यांना वाव मिळाला आहे. नवख्या श्रोत्याने याच अल्बमपासून आरंभ करावा, कारण रॉक म्हणजे केवळ कल्लोळ, हा समज येथे आपोआप गळून पडतो.

१९९७ साली बँड विसर्जित झाला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' या नावाने भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताच्या संयोगाचा वेगळा प्रयोग पुढे चालवला. २०१० साली बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले, बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे तरुण वादक त्यांना येऊन मिळाले आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा चौथा अल्बम सिद्ध झाला. त्याच्या ध्वनिमिश्रणाचे काम, म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित केलेल्या वाद्यांचा परस्पर समतोल साधण्याचे काम, 'पर्ल जॅम' या अमेरिकन बँडच्या 'टेन' या अल्बमचे मिश्रण करणाऱ्या टिम पामर यांनी केले. येथील रचना अधिक गुंतागुंतीच्या आहेत. गाणे एकाच चालीवर न थांबता टप्प्याटप्प्याने उलगडते आणि कीबोर्ड केवळ साथीला न राहता गिटारशी संवाद साधतो. पुनरागमनाच्या निमित्ताने जुनी लोकप्रिय गाणी नव्याने विकणे सोपे असते. त्याऐवजी पन्नाशीकडे झुकलेल्या कलावंतांनी नवी आणि आधीपेक्षा अवघड गाणी रचली, ही गोष्ट कोणत्याही कलेच्या रसिकाला अभिमान वाटावा अशी आहे.

ही गाणी इंग्रजीत असल्यामुळे मराठी वाचकाला ती परकी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुंबईच्या संगीताची व्याप्ती एका भाषेत मावणारी नाही. ज्या काळात रंगभवनात विद्युत गिटार घुमत होती, त्याच काळात लालबाग-परळच्या मिरवणुकांत बुलबुलतरंगाला विजेची जोड देऊन घडवलेला 'बेंजो' ध्वनिवर्धकांतून वाजत होता आणि गल्लोगल्लीची बेंजो पथके त्यावर गाण्यांच्या चाली खुलवत होती. दोन्हीकडे तार छेडून तिचा आवाज विजेच्या बळाने हजारोंपर्यंत पोहोचवला जात होता आणि दोन्हीकडे हौशी तरुण पदरमोड करून वाद्ये जमवत होते. यांपैकी एकाला आपले आणि दुसऱ्याला परके मानण्याचे कारण नाही. या शहरातील लावणी, पोवाडा, भजन, नाट्यसंगीत आणि चित्रपटगीत यांचा इतिहास आस्थेने लिहिला गेला आहे; त्याच आस्थेने येथील रॉकचाही लिहिला गेला पाहिजे, आणि त्यासाठी त्या काळच्या कॅसेटी, चित्रफिती, पत्रके व वादकांच्या आठवणी वेळीच जतन केल्या गेल्या पाहिजेत. हे चारही अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने ऐकणाऱ्याला त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण थेट त्याच्या कर्त्यांच्या तोंडून कळते, आणि या कलावंतांनी चारही अल्बमांत राखलेल्या निष्ठेला रसिकाने द्यावयाची याहून योग्य दाद दुसरी नाही.