स्कर्टिंगचा हिशेब

वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये भिंतीच्या पायथ्याची अर्धी स्कर्टिंग गडद आणि अर्धी फिकट का, असे अनेक माजी विद्यार्थ्यांनी विचारले आहे. ती सजावट नव्हे, आमची चूक आहे. काम दानाच्या पैशांतून झाले, तेव्हा तिचा हिशेब दात्यांसमोर ठेवणे आमचे कर्तव्य आहे. शिवाय आपली कित्येक कुटुंबे रमाई आवास योजनेतून वा स्वकष्टाने घर बांधत आहेत. त्यांनाही तो उपयोगी पडावा.

थंड देशांत ही पट्टी लाकडाची असते. आपल्याकडे जमीन पाण्याने पुसली जाते, म्हणून ती फरशीचीच करतात. ती नसेल तर पाणी गिलाव्यात मुरते, क्षार फुलतात आणि भिंतीलगत रचलेल्या मुलांच्या अंथरुणांना ओल लागते.

आधी प्रार्थना सभागृहाचे काम झाले. ४० बाय २० फुटांचा घेर १२० फूट. चार फुटांची दोन दारे वजा जाता ११२. (खिडक्या वजा करणारेही भेटतात, खिडकी जमिनीपर्यंत येत नाही.) भिंतीतून सहा इंच पुढे आलेले सहा कॉलम आहेत. कॉलमची दर्शनी बाजू भिंतीच्या लांबीत धरलेलीच असते, पण दोन्ही कडा मिळून प्रत्येकी एक फूट वाढतो, झाले ११८. बुद्धमूर्तीचा चौथरा आठ फूट लांब, तीन फूट रुंद. त्याने मागची आठ फूट भिंत झाकली, तेवढीच पट्टी पुढच्या बाजूला लागली. दोन कडांचे सहा फूट मात्र वाढले. एकूण १२४ रनिंग फूट. तुटफुटीसाठी दहा टक्के धरून सुमारे १३६.

दोन फुटी टाइलमधून चार इंची सहा पट्ट्या, म्हणजे १२ रनिंग फूट निघतात. कटरचे पाते थोडी जाडी खाते, त्यामुळे उंची चार इंचांहून किंचित कमी भरते. तेथे पक्क्या चार इंचांचा आग्रह धरला तर पाचच पट्ट्या हाती येतात. सभागृहाला १२ टाइल लागल्या. जमिनीला २०० लागल्या होत्या, म्हणजे प्रमाण सहा टक्के.

हेच प्रमाण आम्ही दहा बाय बाराच्या खोल्यांना लावले. एका खोलीच्या जमिनीला ३० टाइल, म्हणून स्कर्टिंगला दोन पुरतील असे गृहीत धरले. प्रत्यक्षात घेर ४४ फूट, तीन फुटांचे दार वजा जाता ४१, तुटफुटीसह ४५. म्हणजे चार टाइल. खोली लहान होते तशी जमीन झपाट्याने कमी होते, भिंतीची लांबी तितकी होत नाही. तेव्हा मोजायचा तो घेर, आणि तोही प्रत्येक खोलीचा स्वतंत्र.

दुसऱ्यांदा टाइल आणल्या तेव्हा नाव आणि नमुना तोच होता, खोक्यावरचा बॅच क्रमांक मात्र निराळा. छटेतला फरक दुकानात जाणवला नाही, भिंतीला लागल्यावर दिसला. म्हणून स्कर्टिंगच्या टाइल जमिनीच्या टाइलबरोबर, एकाच बॅचच्या घ्याव्यात आणि एक खोके जास्तीचे ठेवावे. जमिनीच्या कडेला उरलेले लांब तुकडे जाणता मिस्त्री फेकत नाही. त्यांतूनही बरीच पट्टी निघते.

आपल्याकडच्या काळ्या मातीची एक गोष्ट निराळी. खालची भर नीट दाबलेली नसेल तर जमीन खचते आणि स्कर्टिंगखाली फट पडते. तिचा या हिशेबाशी संबंध नाही; तिथे भरच पुन्हा दाबावी लागते.