अभ्यास आणि क्रीडांगण

शालान्त परीक्षेचे वर्ष लागले की घरोघरी पहिली कुऱ्हाड खेळावर पडते. चेंडू माळ्यावर जातो, सायंकाळचा तास शिकवणीस दिला जातो आणि खेळात गेलेला वेळ अभ्यासातून वजा झाला, असा सरळ हिशेब मांडला जातो. पालकांचा हेतू निःसंशय चांगला असतो. परंतु हिशेब चुकतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके. पण स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या एकूण शक्तिव्ययापैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. ही शक्ती त्यास रक्तावाटे मिळते. म्हणून हृदय व फुप्फुसे बळकट असणे ही केवळ पहिलवानाची गरज नव्हे. शिवाय, शिकलेले स्मरणात रुजविणारा जो हिपोकॅम्पस नावाचा भाग, तेथे मज्जापेशींचे पोषण करणारे एक प्रथिन धावण्याने वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. मुलांवरील एक प्रयोग तर अगदी साधा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन व त्यांचे सहकारी यांनी नऊ-दहा वर्षांच्या २० मुलांस एके दिवशी २० मिनिटे फिरत्या पट्ट्यावर चालविले व दुसऱ्या एका दिवशी स्वस्थ बसविले. चालल्यानंतर मुलांचे अवधान अधिक स्थिर राहिले व वाचलेल्याचा अर्थही त्यांस अधिक उमगला. हा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्याने कोणी पंडित होत नाही, हे खरे. तथापि ती २० मिनिटे वाया गेली, असेही म्हणता येत नाही.

आता मनाविषयी. कुमारवयात भावना उसळविणारी केंद्रे लवकर जागी होतात. त्यांस लगाम घालणारा कपाळामागील भाग मात्र विशी उलटल्यावरही पक्का होतच असतो. म्हणून एखाद्या शब्दाने राग येतो, निकालाच्या विचाराने झोप उडते. नियमित व्यायामाने झोप गाढ लागते व चिंता आणि औदासीन्य यांचा जोर ओसरतो. परीक्षेच्या दालनात छाती धडधडते, श्वास भरभर चालतो. मैदानावरही हेच होते. रोज धावणाऱ्या मुलास ही धडधड ओळखीची असते व ती काही वेळाने शमते, हेही त्यास ठाऊक असते. मात्र आठवडेच्या आठवडे खिन्न असलेल्या मुलास नुसते मैदानावर पिटाळू नये. त्यास वैद्यकीय सल्ला हवा.

व्यायामात आनंदही हवा. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, ख्रिस्ती तरुण संघाच्या प्रशिक्षणशाळेत, कवायतीस विटलेला एक वर्ग अनावर झाला होता. शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी त्यांस उपदेश केला नाही. व्यायामशाळेच्या सज्जास फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या व हाती चेंडू दिला. बास्केटबॉल जन्मास आला तो असा. आणि आपण काय करतो? गृहपाठ चुकला की उठाबशा काढावयास लावतो! व्यायाम हीच शिक्षा ठरल्यावर मुलांस तो गोड कसा वाटावा?

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे अंग घामेजेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अकरा ते सतरा वर्षांच्या शंभर मुलांमागे सुमारे ७८ व शंभर मुलींमागे सुमारे ८५ ह्या मर्यादेस पोहोचत नव्हत्या. मुलींच्या पालकांनी हा दुसरा आकडा पुन्हा एकवार वाचावा. मैदान दूर असेल तर दोरीवरच्या उड्या गच्चीवर होतात, आणि सूर्यनमस्कारास एका सतरंजीएवढी जागा पुरते.